दारातला संत

कोर्टाचा मार्शल ब्रिफ्फा जागा रिकामी करायला कुलूपवाला, ट्रक आणि चार हमाल घेऊन बँड क्लबाच्या दाराशी पोचला, तेव्हा दारात संत पंतालेऊ उभा होता.

उभा म्हणजे अगदी मधोमध. दोन जाड दांड्यांवरचा तो लाकडी संत, हातात औषधांची पेटी, डोक्यामागे चांदीचं वलय, चौकटीत असा बसवला होता की मांजर आत गेलं असतं, माणूस नाही. त्याच्यामागे बिलियर्डचं टेबल, बार आणि भिंतीला टांगलेले ट्रोंबोन दिसत होते. बाहेर रस्त्याच्या कडेला क्लबाचे झाडून सगळे पुरुष हाताची घडी घालून उभे होते. चेहरे इतके भोळे, की जणू संत रात्री स्वतःच उठून दारात येऊन थांबला होता.

"हे काय?" मार्शलने विचारलं.

"संत आहे साहेब," क्लबाचा अध्यक्ष स्पिरू म्हणाला. "शहराकडं नसतात वाटतं?"

"दिसतंय मला. बाजूला घ्या त्याला."

"आम्ही कुठं अडवलंय? हुकूम तुमचा, माणसं तुमची. उचला की."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या फिलुमेनाने माझं मनगट घट्ट धरलं. क्लब ज्या घरात होता, ते घर तिचं होतं. तिचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं, जोर्जाचं. मी चेत्ता, त्या दोघी तेव्हा राहायच्या त्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. त्या दिवशी फिलुमेनाबरोबर जायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं. मी तयार होते असंही नाही, पण ती सकाळी माझ्या दारात येऊन काही न बोलता उभी राहिली, तेव्हा मी चपला घातल्या.

फिलुमेना म्हणजे ज्या बाईची आयुष्यात कधी बातमी झाली नसती अशी बाई. तरुणपणी जीन्सच्या कारखान्यात चेन शिवायची, कारखाना बंद पडल्यावर शाळेत फरशा पुसायची. लग्न केलं नाही, कारण जोर्जाच्या पायांतलं बळ हळूहळू जात चाललं होतं आणि तिला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. दोघी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की शवपेटीसुद्धा उभी करून उतरवावी लागते. जोर्जाला दवाखान्यात न्यायचं तर रुग्णवाहिकेची पोरं तिला खुर्चीला बांधून उचलून न्यायची. मागच्या खेपेला वळणावर एकाचा पाय घसरला, जोर्जाचा हात मोडला, आणि तेव्हापासून ती खाली उतरायचं नावच काढत नव्हती. "मला आता खाली न्याल ते पेटीतूनच," म्हणायची. हसत म्हणायची, पण तिने उतरणं बंद केलं ते केलंच.

आणि इकडे त्यांच्या बापाचं तळमजल्याचं घर, अंगण आणि लिंबाच्या झाडासकट, क्लबाच्या ताब्यात. बाप ट्रोंबोन वाजवायचा, मिरवणुकीत संताला खांदा द्यायचा. त्याने भक्तीच्या भरात घर क्लबाला भाड्याने दिलं, नाममात्र भाड्याने. मग सरकारने कायदा केला की असं भाडं वाढवायचं नाही आणि असा भाडेकरू काढायचाही नाही. बाप मेला, कायदा जिवंत राहिला. क्लब म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, आणि नागोबाच्या मागे सगळं गाव.

फिलुमेना कोर्टात गेली. इथल्या कोर्टांत हरली, तेव्हा तिची वकील मिकालेफबाई तिला थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या कोर्टापर्यंत घेऊन गेली. ते गाव नकाशात कुठे आहे हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं, पण निकाल लागल्यावर जो तो बॅरिस्टर झाला. निकाल असा, की या बहिणींचा मालकीहक्क सरकारने मोडला आहे. नुकसानभरपाई मिळाली. घर नाही मिळालं. हक्क मोडला असं कोर्ट म्हणालं, चावी द्या असं म्हणालं नाही. त्या निकालाच्या जोरावर इथे पुन्हा दावा, अपील, मुदतवाढ, आणखी मुदतवाढ, आणि शेवटी जूनमधली ही सकाळ.

मार्शलने हमालांना खूण केली. चौघे पुढे झाले, संताजवळ पोचले आणि थबकले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली.

"साहेब, टेबल सांगा, फ्रीज सांगा, बिलियर्ड पण उचलतो. हे नाही."

"हे काय आणि ते काय? रिकामं घर म्हणजे रिकामं. हुकमात हेसुद्धा सामानच."

"मग तुम्ही उचला."

मार्शलने नाही उचललं. तोही शेवटी आईने बाप्तिस्मा करून वाढवलेलाच माणूस.

आमचा संत चर्चमध्ये नसतो. जुन्या काळी एका पाद्र्याशी भांडण झालं आणि लोकांनी संताला उचलून क्लबात आणलं, तो तिथेच राहिला. त्याला खांदा द्यायचा तो आठच जणांनी. त्यांनी त्याच्यापुढे शपथ घेतलेली असते, अंगात पांढरा झगा असतो, आणि बापाची जागा मुलाला मिळते. दुसऱ्या कुणी दांडीखाली खांदा घालायचा नाही. म्हणतात एकदा एका पाहुण्या कोळ्याने हौसेने घातला होता, त्याच आठवड्यात त्याची होडी बुडाली. पोहता येत होतं म्हणून वाचला, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

ते आठही जण तिथेच होते, हाताची घडी घालून.

मिकालेफबाई फोनवर कुणाशी तरी बोलून आली. तरुण पोरगी, पण तोंड उतरलं होतं. "ऐका," ती हळू आवाजात म्हणाली, "आज हे झालं नाही तर मार्शल तसं कोर्टाला कळवणार. मग नवी तारीख. आणि सुट्ट्या लागायच्या आत पार्लमेंटमध्ये क्लबांना वाचवणारा कायदा आणणार म्हणतायत. तो आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर."

"म्हणजे आज नाही तर नाहीच?" फिलुमेनाने विचारलं.

"नाहीच असं मी म्हणत नाही."

"जोर्जा बहात्तरची आहे," फिलुमेना म्हणाली आणि माझं मनगट सोडून स्पिरूकडे गेली.

दोघं एकाच शाळेत शिकलेली. तो तिच्याकडे पाहीना.

"स्पिरू, बाजूला घे त्याला."

"मी कोण घेणारा? तो संत आहे, त्याला जिथं राहायचं तिथं राहतो."

"मला शिकवू नकोस. काल संध्याकाळी तुमच्या आठ जणांनी तो दारात आणून ठेवला, अख्ख्या गल्लीनं पाहिलं."

"तुझ्या बापानं आपल्या हातानं चावी दिली होती, फिलुमेना. या संताच्या पायाशी ठेवून. त्या माणसाचा आत्मा काय म्हणत असेल?"

"बापानं तुम्हाला घर दिलं. माझ्या बहिणीचे पाय नव्हते दिले."

स्पिरूने हाताची घडी सोडली. क्षणभर मला वाटलं, आता हलेल. पण मागून कुणीतरी म्हणालं, "दुसरं घर घ्या की, स्ट्रासबर्गचे पैसे आलेत ना!" आणि सगळे हसले. ते पैसे वकील, कर्ज आणि जोर्जाची औषधं यांतच गेले होते. तळमजल्याची घरं आता परदेशी लोक घेतात, आमच्या पेन्शनमध्ये त्यांचा उंबरठाही येत नाही. मला इतका राग आला, की मी त्या हसणाऱ्याला त्याच्या आईच्या नावाने काय ते ऐकवलं. त्याची आई तिथेच उभी होती.

ऊन चढत होतं. मार्शल ट्रकच्या सावलीत बसून घाम पुसत होता. तो थोड्या वेळाने परत जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. क्लबवाल्यांनी बाजूच्या दुकानातून पास्तित्सी, चीज भरलेल्या गरम करंज्या, मागवल्या आणि उभ्याउभ्या खायला सुरुवात केली. एकाने मार्शललाही पुढे केली. त्याने घेतली, तेव्हा फिलुमेनाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात वरच्या आळीतून एक निळी व्हॅन आली आणि आमच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

आमच्या गावात दोन पक्ष आहेत. आम्ही लाल, पंतालेऊचे. वरची आळी निळी, संत रोक्कूची. नवरा-बायको वेगळ्या पक्षांची निघाली तर जत्रेच्या आठवड्यात बायको माहेरी जाते, इतकं ते कडक. व्हॅनमधून निळ्यांचा म्होरक्या वेन्झू उतरला, मागून त्याचे आठ गडी. गोदीत काम करणारे, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे. वेन्झूच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की सात पिढ्यांचा नाताळ त्याच्याच दारात आला आहे.

"फिलुमेना मावशी," तो अदबीने म्हणाला, "ऐकलं तुम्हाला माणसं कमी पडतायत. आम्ही उचलतो. एक पैसा नको."

क्लबवाले एकमेकांकडे बघायला लागले. एकाच्या तोंडातली पास्तित्सी तशीच राहिली.

मार्शल ताडकन उठला. "चालेल. कुणीही उचललं तरी कायद्याला चालेल. फक्त मालकिणीनं हो म्हणायला हवं."

"हो म्हणा," मिकालेफबाई तिच्या कानाशी कुजबुजली.

स्पिरूचा चेहरा पांढराफटक पडला. "फिलुमेना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं, "तू लाल घरात जन्मलीस. तुझा बाप या दांडीखाली वाकून म्हातारा झाला. निळ्यांचे हात संताला लागू देशील?"

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. मला वाटत होतं, हिने नाही म्हणावं. मी तिच्या बाजूने आले होते, जोर्जाचा मोडलेला हात मी स्वतः झोळीत बांधला होता, तरी मला वाटत होतं की हिने नाही म्हणावं. वेन्झूचे ते आठ गडी बाह्या सरसावत होते आणि मला रडू फुटत होतं. आम्ही अशीच माणसं आहोत.

फिलुमेनाने संताकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत होती की भांडत होती कोण जाणे. मग ती वेन्झूकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उचला."

वेन्झूने हातावर हात चोळले. त्याच्या पहिल्या गड्याने दांडीकडे हात नेला.

"हात लावशील तर बोटं मोडीन!" स्पिरू असा ओरडला, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मग तो आपल्या माणसांकडे वळला. आवाज फाटला होता. "बघताय काय? झगे घाला!"

कुणी हलेना. एकजण म्हणाला, "स्पिरू, मग घर जाईल."

"घर जाऊ दे. झगे घाला म्हणतो ना!"

झगे कुणाच्या तरी घरून आणले. पेटीतून काढलेले, चुरगळलेले. दावा लागेपर्यंत दर वर्षी ते फिलुमेना इस्त्री करायची. आठही जणांनी ते अंगात घातले, क्रूस केला, खाली वाकले आणि संताला उचललं. निळे बाजूला झाले. वेन्झूचं हसूही गेलं होतं, त्याने टोपी काढली. संताला उचललं की आमच्याकडे बँड वाजतो, फटाके उडतात. त्या दिवशी नुसता बुटांचा आवाज होता. पुढच्या डाव्या दांडीखालचा, फिलुमेनाच्या बापाच्या जागेवरचा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्यांनी संताला दोन गल्ल्या पलीकडे नेलं आणि स्पिरूच्या गॅरेजमध्ये, गाडी बाहेर काढून तिच्या जागी ठेवलं.

स्पिरू जाताना फिलुमेनासमोर थांबला. "संताला त्याच्या घरातून काढलंस," म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत सगळं सामान निघालं. मार्शलने नवं कुलूप लावून चावी तिच्या हातात दिली, आणि निघताना म्हणाला, "बाई, अभिनंदन." ती "थँक यू" म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

जोर्जाला पुढच्या आठवड्यात उतरवलं. रुग्णवाहिकेची पोरं वळणावर पोचली तेव्हा मी खालून रोझरीचा जप करत होते आणि जोर्जा वरून मला शिव्या देत होती, "रडू नकोस गं, मी अजून मेले नाही!" नव्या घरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. संत बाहेर काढायला सोपं जावं म्हणून क्लबवाल्यांनी दाराची पायरी कधीच फोडून तिथे उतार केला होता, त्यामुळे खुर्ची थेट आत गेली. जोर्जाने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, अंगणात लिंबाखाली गेली आणि एक लिंबू हाताने तोडलं. त्या दिवशी फिलुमेना मला म्हणाली, "चेत्ता, काही झालं तरी हे झालं."

काही झालं म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं. पाववाल्याची गाडी त्यांच्या दाराशी थांबेनाशी झाली. रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर बायका फिलुमेनाभोवती अंतर सोडायच्या, जणू तिला गोवर झाला आहे. निळ्यांनी तिला मिठाई पाठवली, ती तिने परत केली, म्हणून तेही रुसले. माझ्याशी लोक बोलायचे, पण ती आली की हवापाण्यावर यायचे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर हातात आलं आणि वासे फिरले.

मग जुलैअखेर संताची जत्रा आली. मिरवणूक गॅरेजमधून निघणार होती. गावभर एकच प्रश्न होता, संत जोर्जाच्या दाराशी थांबणार की नाही.

आमच्याकडे आजारी माणसाच्या दाराशी संत थांबतो. पंतालेऊ हा वैद्यांचा संत. खांदेकरी पावलं मोजत त्याला फिरवतात, तोंड दाराकडे करतात, बँड हळू आवाजात वाजतो. जोर्जासाठी तो दर वर्षी आमच्या इमारतीखाली फिरायचा, पण तिसऱ्या मजल्यावरून तिला त्याचं टक्कल आणि वलयच दिसायचं. आता ती रस्त्याच्या पातळीवर होती. पंधरा दिवस ती लाल कागद कापत होती, संतावर उधळायला. मी तिला म्हटलं, "फार आशा धरू नकोस गं." ती म्हणाली, "संताचं भांडण नाही माझ्याशी."

संध्याकाळी आम्ही तिला दारात बसवलं. केस विंचरलेले, कानात आईची कर्णफुलं, मांडीवर लाल कागदांचा ढीग. फिलुमेना तिच्या मागे उभी, मी बाजूला. बँड वळणावर आला. मोठा जोरदार मार्च चालला होता. मग त्यांच्या घराच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी, बँडमास्तरने हात खाली घेतला आणि बँड थांबला.

वाजवणारे वाद्यं काखेत धरून गेले. समोर बघत गेले. मग स्पिरू आला, त्याच्यामागे संत. खांदेकऱ्यांनी पावलं मोजली नाहीत. उलट दाराशी आल्यावर भरभर उचलली. संताचं तोंड पुढे रस्त्याकडे होतं, जोर्जाला त्याची एक बाजू दिसली आणि मग पाठ. पाठीला रंगसुद्धा धड नाही, तिथे कुणी पाहत नाही म्हणून कारागिराने तसंच सोडलेलं.

फिलुमेनाने तोंडावर हात ठेवला. तिच्या घशातून एक आवाज आला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. "माझ्यामुळं," ती म्हणाली. "जोर्जा, माझ्यामुळं."

मी सगळ्या खांदेकऱ्यांना शाप द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीचा ब्रेक सुटल्याचा आवाज झाला.

जोर्जाने चाकांना हात घातला होता. खुर्ची उतारावरून रस्त्यावर आली.

"जोर्जा! कुठं निघालीस?" फिलुमेना धावली आणि तिने खुर्चीची मूठ धरली.

"संत चाललाय, त्याच्यामागून जाते. सोड."

"अगं, पण त्यांनी—"

"मी त्यांच्याकडं नाही चालले. सोड म्हणते ना. मला येतं."

फिलुमेनाने मूठ सोडली. संतामागून नवसाच्या बायका मेणबत्त्या घेऊन अनवाणी चालत होत्या. खुर्ची त्यांच्यात शिरली. पहिल्या दोघींनी मागे वळून पाहिलं, कोण आहे ते ओळखलं आणि बाजूला झाल्या, कारण झाल्या नसत्या तर चाक पायावरून गेलं असतं. मग पुढच्या झाल्या. जोर्जा कुणाकडे पाहत नव्हती. दोन्ही हातांनी चाकं ढकलत होती, मोडून जुळलेला हात थोडा मागे पडत होता, त्यामुळे खुर्ची तिरकी जायची आणि ती पुन्हा सरळ करायची. कागद मांडीवरच होते.

फिलुमेनाने दार लोटून घेतलं आणि ती मागून चालायला लागली. खुर्चीला हात न लावता, चार पावलं सोडून. मी तिच्याबरोबर.

बँड अजून गप्पच होता, वळणापलीकडे पोचेपर्यंत वाजवायचं नाही असं त्यांचं ठरलेलं असावं. त्यामुळे दगडी रस्त्यावर त्या चाकांची खडखड सगळ्या गल्लीला ऐकू येत होती. खांदेकऱ्यांनाही येत असणार. पण खांद्यावर संत असताना मान वळवता येत नाही, ते तसेच पुढे बघत चालत राहिले.